कोऱ्या गटातली नळी

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे उलटेकाका म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे, आणि त्यांना उलट्या होत असंही नाही. रक्त बघून भोवळ येणाऱ्या धडधाकट गड्यांना सावरण्यात तर त्यांची हयात गेली होती. नाव पडलं ते एका सवयीमुळे. रक्त घेतलं, नळीवर नंबराची चिठ्ठी चिकटवली, की काका नळी डोळ्यांसमोर धरून नंबर मोठ्यानं वाचत. आधी सरळ, मग उलटा. सरळ वाचताना डोळा पळतो, असं त्यांचं म्हणणं. जे असायला हवं तेच वाचून मोकळा होतो. उलटं वाचायला लावलं की त्याला एकेक पाऊल टाकत चालावं लागतं. नवीन आलेली मंडळी हसत, पण सव्वीस वर्षांत काकांच्या हातून एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती, त्यामुळे हसणं फार दिवस टिकत नसे.

दोन वर्षांपासून प्रयोगशाळेत सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांचा एक अभ्यास चालू होता. फुप्फुसाचा जुनाट आजार चोरपावलांनी येतो. जिना चढताना धाप लागायला लागते तोवर आतलं बरंच काही कायमचं गेलेलं असतं. मग धाप लागण्याआधीच रक्तात त्याची काही खूण सापडते का, आणि सापडली तर दर सहा महिन्यांनी ती बघून आजार कुठवर आला ते कळतं का, हे शोधायचं होतं. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम वयानं काकांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांच्या तक्त्यात दोन रकाने महत्त्वाचे. एक धुराचा: गेल्या काही दिवसांत अंगात तंबाखूचा धूर गेला की नाही, ते सांगणारा. दुसरा झिजेचा: फुप्फुसाच्या अस्तराला मार बसला की रक्तातलं ज्याचं प्रमाण बदलतं, अशा एका प्रथिनाचा.

माणसांचे गट तीन. कागदावर त्यांची नावं लांबलचक होती, पण प्रयोगशाळेनं त्यांचं बारसं आपल्या पद्धतीनं केलं होतं. ओढणारे ते धुरकरी, सोडलेले ते विझलेले, आणि जन्मात न ओढलेले ते कोरे. श्वास मोजायच्या यंत्रात जोरात फुंकावं लागे, म्हणून ती फुंकणी.

अभ्यास सुरू झाला त्या दिवशी काकांनी सगळ्यांदेखत खिशातलं पाकीट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. "मॅडम, आजपासून मी विझलो," असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मॅडम तेव्हापासून प्रत्येक धुरकऱ्याला त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत, "आमच्या काकांकडे बघा. अठ्ठावीस वर्षांची सवय, एका दिवसात सोडली." आणि काका दंडाला पट्टा बांधता बांधता त्या माणसाला म्हणत, "मनावर घेतलं की सुटते हो."

सुटली होती ती नऊ दिवस. दहाव्या दिवशी संध्याकाळी घरी त्यांनी एक ओढली, मग दोन, मग जुना हिशेब जसाच्या तसा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फरक एवढाच पडला, की आधी ते खिडकीशी उभं राहून ओढत आणि धूर बाहेर सोडत. आता समोरच्या इमारतीत दवाखान्यातलीच एक नर्स राहायला आली होती, आणि तिच्या नजरेला जळती सिगारेट पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलावर ती पोचली असती. म्हणून काका घरी आले की खिडकी बंद होऊ लागली, पडदा ओढला जाऊ लागला, आणि दोन खोल्यांच्या घरात धूर आपला फिरत राही. काकू काही बोलत नसत. माणूस दमून येतो, त्याचा तेवढाच विरंगुळा, असं त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं, आणि लग्नाला तीस वर्षं झाली होती.

गेल्या महिन्यात मॅडमना एक माणूस कमी पडला. पन्नाशीची कोरी बाई हवी होती, आणि शनिवारी यादी बंद होणार होती. "काका, ओळखीत कुणी आहे का?" मॅडमनी विचारलं.

"आमची ही आहे की," काका म्हणून गेले. "जन्मात हात लावला नाही."

ते खोटं नव्हतं. खोटं पुढं आलं.

काकू इस्त्रीची साडी नेसून, कानात ठेवणीतल्या कुड्या घालून आल्या. नवऱ्याचं काम त्या पहिल्यांदाच बघत होत्या. "कोरी म्हणजे काय हो?" त्यांनी खुर्चीत बसता बसता विचारलं. काकांनी सांगितलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या, की हसता हसता खोकला आला. "एवढी वर्षं संसार करून मी कोरीच का? बरंय."

फॉर्म काकांनीच भरला. वय, उंची, वजन. कधी धूम्रपान केलं आहे का? नाही. पुढचा प्रश्न होता: घरात कुणी धूम्रपान करतं का? पेन जरा थांबलं. त्या फॉर्मावर नंबर जाणार होता, नाव नाही. नावांची यादी मॅडमच्या कपाटात कुलपाखाली असायची. पण "आमची ही" कोण ते मॅडमना ठाऊकच होतं, आणि "हो" लिहिलं की त्या घरात ओढणारं दुसरं कोण असणार? काकांनी "नाही"वर खूण केली. काकूंनी न वाचता सही केली. नवऱ्यानं लिहिलेलं वाचायचं कशाला?

मग त्यांनी रक्त घेतलं, चिठ्ठी चिकटवली आणि नळी बायकोच्या नाकासमोर धरून, जरा जास्तच ऐटीत, वाचली. "तीन सहा आठ. आठ सहा तीन." शेजारच्या खुर्चीतला धुरकरी दचकला.

निकाल मंगळवारी आले. मॅडमनी तक्ता काकांसमोर धरला. "काका, हे बघा. तीनशे अडुसष्ट. कोऱ्यांतली आहे."

काकांनी बघितलं. धुराच्या रकान्यात, जिथं कोऱ्यांच्या पुढे शून्याच्या आसपास काहीतरी असतं, तिथं आकडा होता. रोज ओढणाऱ्याइतका मोठा नव्हे, पण कोऱ्या माणसात असायला नको एवढा. आणि झिजेचा रकाना त्याहून वाईट.

"ही झीज दहा-बारा वर्षं ओढणाऱ्याची वाटते," मॅडम म्हणाल्या. "फॉर्मात घरात कुणी ओढत नाही असं आहे. म्हणजे दोनच गोष्टी. एक तर नळी बदलली, नाहीतर ही बाई खोटं बोलते आहे. चोरून ओढत असेल."

नंबरामागे कोण आहे हे मॅडमनी अजून कपाटातली यादी काढून बघितलं नव्हतं. काकांना ते ठाऊक होतं. जिनं आयुष्यात एक झुरका घेतला नाही, ती खोटारडी ठरत होती, तीही त्यांनी केलेल्या खुणेवरून. तिसरी गोष्ट सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, ती माझी बायको आहे, आणि ओढणारा मी आहे. वाक्य जिभेवर आलंही. पण त्याच वेळी दारातून एक धुरकरी आत आला, आणि मॅडमनी सवयीनं त्याला सांगितलं, "बसा, आमचे काका घेतील तुमचं रक्त. त्यांनीही सोडली आहे बरं का."

"नळी बदलली मॅडम," काका म्हणाले. "माझ्या हातून. त्या दिवशी गर्दी होती."

मॅडम थक्क झाल्या. पलीकडून एक सहकारी ओरडला, "अरे, आज सूर्य कुठून उगवला?" सगळे हसले, आणि त्या हसण्यात प्रेमच होतं. चूक कबूल केली म्हणून मॅडमनी उलट त्यांचं कौतुक केलं. चुकांच्या वहीत काकांनी लाल शाईनं सव्वीस वर्षांतली आपली पहिली नोंद केली: क्रमांक तीनशे अडुसष्ट, चुकीची चिठ्ठी, नमुना रद्द. खाली सही.

आपण तिला खोटारडी ठरू दिलं नाही, असं त्यांनी स्वतःला दिवसभर समजावलं. पण दिवसभर समजवावं लागतं ते खरं नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं. नियम साधा होता. कुणाच्या रक्तात काळजीची खूण दिसली, की त्या माणसाला बोलावून फुंकणीवर बसवायचं, छातीचा फोटो काढायचा, पुढे दर सहा महिन्यांनी बघायचं. नमुना रद्द झाला की बोलावणं नाही. म्हणजे लाल शाईनं त्यांनी नळी रद्द केली नव्हती, बायकोचे उपचार रद्द केले होते. आणि कशासाठी? तर दवाखान्यातल्या चार माणसांत आपलं नाक वर राहावं यासाठी.

घरी जाताना त्यांना तिचा सकाळचा खोकला आठवत राहिला. आठवण नवी नव्हती. खोकला सहा वर्षांचा होता. काकू घरी शिवणकाम करत. मापं घ्यायला आलेल्या बायकांनी बाहेरची खोली दुपारभर भरलेली असायची. खोकला हटेना, तेव्हा चार वर्षांपूर्वी एकदा काकांनीच निदान केलं होतं. "ही कापडाची धूळ आहे. बारीक तंतू छातीत जातात. बंद कर ते मशीन." प्रयोगशाळेतला माणूस सांगतोय म्हटल्यावर काकूंनी मापांची वही शेजारणीला दिली, मशीनवर चादर टाकली, आणि चादरीवर टीव्ही ठेवला. महिनाभर दुपारी त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. काकांना हे सगळं ठाऊक होतं. तेव्हा आपण खोटं बोललो नव्हतो, हेही त्यांना ठाऊक होतं. खरंच कापड वाटलं होतं. तोंडात सिगारेट धरून वाटलं होतं.

ते घरात शिरले तशा काकू उठल्या आणि सवयीनं खिडकी लावायला गेल्या.

"राहू दे," काका म्हणाले. "उघडी राहू दे."

"का हो? समोरची नर्स बदलून गेली का?"

"नाही. असंच."

काकूंनी चहा आणून ठेवला. खिशातल्या पाकिटाकडे काकांचा हात गेला नाही, हे त्यांनी बघितलं, पण विचारलं दुसरंच. "माझा निकाल लागला का?"

"रद्द झाला."

"म्हणजे नापास?"

"तसं नाही गं. नळी बदलली गेली. चिठ्ठी चुकली."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून."

काकू हसू लागल्या. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं, तरी पदरानं डोळे पुसत त्या हसतच होत्या. "अहो, पटेल असं काहीतरी सांगा. तीन सहा आठ. आठ सहा तीन. माझ्या नाकासमोर धरून वाचलंत. शेजारचा माणूस घाबरला बिचारा. घरी येईपर्यंत बसमध्ये मी तेच घोकत होते."

काकांनी चहाचा कप जवळ ओढला. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात, पण समोरच्यानं नळी बघितलेली असली की रेटायचं काय?

काकूंचं हसू ओसरलं. "नळी माझीच होती. मग रद्द का केलीत?" त्या समोर येऊन बसल्या. "अहो, काय निघालं त्यात? मोठं काही आहे का?"

त्या घाबरल्या होत्या. ते बघवेना, म्हणून काकांनी सांगायला सुरुवात केली. आधी झिजेचा रकाना सांगितला, मग धुराचा. मग मॅडमच्या दोन गोष्टी, आणि आपण न सांगितलेली तिसरी. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, चहावर धरत चाललेल्या सायीकडे बघत होते.

"माझ्या रक्तात तुमची सिगारेट आहे," काकू सावकाश म्हणाल्या.

"हो."

"आणि त्या फॉर्मात असं विचारलं होतं? घरात कुणी ओढतं का म्हणून?"

"हो."

"तुम्ही नाही लिहिलंत."

"हो."

"आणि मी सही केली."

काकांना वाटलं, आता ती रडेल, नाहीतर भांडी आपटेल. दोन्हींची त्यांनी मनाची तयारी केली होती. किंबहुना तिनं काहीतरी आपटावं असं त्यांना वाटत होतं. पण काकू टीव्हीकडे बघत राहिल्या. टीव्ही बंद होता. मग लक्षात आलं, की त्या टीव्हीकडे बघत नव्हत्या, त्याच्या खालच्या चादरीकडे बघत होत्या.

"म्हणजे कापड नव्हतं," त्या म्हणाल्या.

रक्तातल्या आकड्यांनी काकांना एवढं पाडलं नव्हतं. तिचं फुप्फुस आपण झिजवलं, हे कळून सकाळपासून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्या झिजेचा आळ आपण तिच्याच हातांवर घातला आणि ते हात चार वर्षं रिकामे बसवले, हे तिच्या तोंडून ऐकल्यावर बसल्या जागी जमीन दुभंगावी असं त्यांना वाटलं.

"टीव्ही खाली ठेवा," काकू म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता."

काकांनी टीव्ही उचलून जमिनीवर ठेवला. काकूंनी चादर काढली, झडप उघडली, मशीन वर घेतलं आणि चाक हातानं फिरवून बघितलं. ते करकरलं आणि अडलं. "तेल पाहिजे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. ड्रॉवरमध्ये मापाची टेप जशी गुंडाळून ठेवली होती तशीच होती. ती त्यांनी गळ्यात टाकली, पूर्वी टाकत तशी, आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"उद्या मॅडमना काय सांगणार, ते आत्ता मला सांगून दाखवा. आणि सरळ सांगा. उलटं नको."

त्यांनी सांगून दाखवलं. पहिल्या खेपेला "जरा चूक झाली" असा शब्द आला, तो काकूंनी काढायला लावला. दुसऱ्या खेपेला तो आला नाही.

सकाळी दोघं बरोबर गेली. काकू बाहेरच्या बाकावर बसल्या. काकांनी मॅडमच्या खोलीत उभ्यानंच सांगितलं, पाठ केल्यासारखं, कारण पाठच केलं होतं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि बराच वेळ ते उघडलं नाही.

"काका, तुम्ही ओढता, याचं मला वाईट वाटतंय. पण ती सवय आहे, मी समजू शकते," त्या शेवटी म्हणाल्या. "फॉर्म मला समजत नाही. कालची नोंद तर त्याहून नाही. ही खूण लवकर सापडावी म्हणून आपण दोन वर्षं राबतोय. ती सापडली, तुमच्याच घरात सापडली, आणि तुम्ही ती खोडलीत?"

काकांनी चुकांची वही मागून घेतली आणि कालच्या नोंदीखाली लिहिलं: वरील नोंद खोटी आहे. नळी बरोबर होती. फॉर्म मी खोटा भरला. खाली सही.

"आज तुम्ही नळ्यांना हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. "पुढचं वरिष्ठांना विचारून सांगते. काकूंना आत पाठवा. रक्त पुन्हा घेऊ, फुंकणी करू. धाप लागायच्या आत कळलंय, याचा अर्थ अजून हातात बरंच आहे. पण घरातला धूर आजच्या आज थांबला पाहिजे. थांबेल?"

"थांबेल," काका म्हणाले, आणि दोन वर्षांपूर्वी टाळ्या पडल्या तेव्हाही आपण याच आवाजात बोललो होतो, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मॅडमनाही आलं असावं. त्यांनी मान हलवली नाही.

काकूंना नव्या टेक्निशियन मुलीच्या खुर्चीत बसवलं. काका बाहेरच्या बाकावर, जिथं रोज धुरकरी बसत, तिथं बसले. एक-दोन जणांनी त्यांना ओळखून नमस्कार केला. दार उघडं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"मूठ आवळा. झालं. सोडा," मुलगी म्हणाली. चिठ्ठी सोलल्याचा बारीक आवाज आला. "तीन नऊ एक."

"आता उलटं वाच," काकूंचा आवाज आला.

"काय?"

"उलटं वाच बाळ. आमच्या घरी तसंच वाचतात."

मुलगी हसली. "एक नऊ तीन."

"हां. आता तो फॉर्म वाच. एकेक प्रश्न मोठ्यानं वाच, सही मी मग करते."

वय झालं, उंची झाली, वजन झालं. फुंकणीवरच्या बाईनं मधेच डोकावून अजून किती वेळ म्हणून विचारलं. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरले होते.

"कधी धूम्रपान केलं आहे का?"

"नाही."

"घरात कुणी धूम्रपान करतं का?"

"लिही, हो."

"किती वर्षं?"

"तीस," काकू म्हणाल्या. मग पुढचं बोलताना त्यांनी आवाज चढवला नाही, पण तो बाकापर्यंत नीट पोचला. "त्यातली दोन खिडकी लावून."